हलिनाचा बाबा

आमच्या डिस्कव्हरी गार्डन्सच्या घरातली एक खोली माझ्या मुलाने, धनंजयने, हलिनाला भाड्याने दिली. हलिना युक्रेनची. तिकडे लढाई पेटली तशी लेकीला कडेवर घेऊन निघाली ती इथे दुबईत येऊन टेकली. नवरा तिकडेच. त्याच्या वयाच्या पुरुषांना सरकार देश सोडू देत नाही म्हणे.

पहिल्याच दिवशी ती मला "मामा" म्हणाली. मी म्हटलं, "मामा म्हणजे आईचा भाऊ. मला मिश्या आहेत का? आई म्हण." तेव्हापासून आई म्हणायला लागली.

मी सुनेला बजावलं होतं, "अनुपमा, बाई तरणी आहे, एकटी आहे. पुरुष माणूस आत येता कामा नये."

"आई, तिला नोकरी, पोर, घर. वेळ कुठे आहे तिला?"

"ज्यांना काढायचा असतो त्या काढतात वेळ."

मला एक कळत नव्हतं. हिच्या मैत्रिणी जर्मनीला गेलेल्या. तिकडे सरकार राहायला घर देतं, खर्चाला पैसे देतं. इकडे व्हिसा कंपनीचा, नोकरी गेली की व्हिसाही गेला. मग ही इथे का? अनुपमा म्हणाली, "तिला कमावून खायचंय, आई." मला ते आवडलं होतं. पण सुनेसमोर कशाला बोला.

गेल्या आठवड्यात धनंजय आणि अनुपमा लग्नाला मस्कतला गेले. त्याच संध्याकाळी हलिनाची पोर, सोल्या, स्वयंपाकघरात नाचत आली. "बाबा कमिंग! फ्रायडे, बाबा कमिंग!"

मी विचारलं, "पापा? युक्रेनसे?"

"नो, नो. पापा युक्रेन. बाबा कमिंग."

म्हणजे बाप तिकडे आणि बाबा दुसराच. झोपणार कुठे म्हणून खुणेने विचारलं, तर पोरीने आईचा पलंग दाखवला. माझं डोकं भणभणलं. हलिना कामावरून आली तशी दारातच सुनावलं, "तुम्हारा बाबा इधर नहीं आयेगा. आयेगा तो तुम भी जाव. खलास."

ती पांढरीफटक पडली. "आई, प्लीज. बाबा ओल्ड. नो होम."

म्हातारा गाठलाय वर, असं मनात म्हणत मी माझ्या खोलीचं दार लावून घेतलं. रात्री ती फोनवर बोलत होती, हळू आवाजात. बोलू दे म्हटलं.

शुक्रवारी दुपारी बेल वाजली. दारात हलिना, आणि तिच्या मागे माझ्याच वयाची एक बाई. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, हनुवटीखाली गाठ, पायांवर सूज. सोल्या "बाबा! बाबा!" करत तिच्या कमरेला बिलगली होती.

हलिनाची आई. पोरीची आजी, त्यांच्या भाषेत बाबा.

मामा म्हणजे काय ते मी तिला ठसक्यात शिकवलं होतं. बाबा म्हणजे कोण, हे विचारायचं मात्र मला सुचलं नाही.

म्हातारीला काहीच ठाऊक नसावं. तिने माझे दोन्ही हात धरले, कपाळाला लावले आणि मधाची बरणी पुढे केली. मला ती घेववेना.

हलिना माझ्याकडे न बघता म्हणाली, "फाइव्ह मिनिट्स, आई. बॅग, देन गो. टॅक्सी डाउन."

"किधर?"

"जर्मनी. देअर हेल्प फॉर बाबा. जॉब फिनिश, यस्टर्डे."

माझ्या हिंदीची इथे दांडी उडाली. "मेरे में बाबा मतलब बाप. आदमी. मेरे को लगा आदमी." हाताने मिशी काढून दाखवली. हलिना बघत राहिली. मग कळलं तिला. ती बॅगेवर बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तोंड झाकून घेतलं. रागावली असती तर परवडलं असतं.

मी खाली जाऊन टॅक्सीवाल्याला पैसे देऊन वाटेला लावलं. वर येऊन बघते तो म्हातारी माझ्या सोफ्याच्या अगदी कडेवर बसलेली, मांडीवर पिशवी, कुणी उठवलं तर उठायला तयार. मी धनंजयला फोन लावला.

"हलिनाने नोकरी सोडली," मी म्हटलं.

"का गं? काय झालं?"

"मी घरातून जायला सांगितलं म्हणून. तिच्या आईला पुरुष समजून."

"अगं आई, काय केलंस हे!"

"तिच्या साहेबाचा नंबर काढ. मी बोलते त्याच्याशी."

"तू काय बोलणार, आई? तो इंग्रज आहे."

"तूही फोनवर राहा आणि इंग्रजीत सांग त्याला. मी जे केलं ते जसंच्या तसं. माझी बाजू सावरू नकोस."