मधल्या सुट्टीतली प्रार्थना

पडदे शिवण्याच्या त्या कारखान्यात, सगळे जिला वहिनी म्हणत ती आणि तोफ यांची मशीनं शेजारीशेजारी होती. तोफ हे नाव आवाजावरून पडलं होतं. दहा मशीनं चालू असली तरी तिचं बोलणं दारापर्यंत जायचं. पण धाकटा भाऊ अपघातात गेल्यापासून ती गप्प झाली होती. शिवण वाकडी जायची, ती उसवायची, पुन्हा वाकडीच घालायची.

एका सकाळी तिनं मशीन थांबवलं. "वहिनी, तुझा नवरा गेला तेव्हा पोरं एवढीएवढीशी होती. तू कशी सावरलीस गं?"

"कामात मन गुंतवलं," म्हणून वहिनी मोकळी झाली.

"तेच करून बघतेय. नाही गुंतत."

वहिनीनं मान खाली घातली. खरं उत्तर वेगळं होतं. त्या दिवसांत येशूला हाक मारतच ती अंथरुणातून उठायची. पण चर्चबाहेर हे कुणाशी बोलायची तिची छाती होत नसे. लोक म्हणतील, आली धर्म गळ्यात मारायला! त्यात तोफेची जीभ. देवाचा विषय निघाला की खिल्ली ठरलेली. घरी सासूही बजावायची, "आपला विश्वास आपल्यापाशी. हसं करून घेऊ नकोस."

इस्त्रीचं निमित्त काढून ती उठली. पडद्याच्या घड्या मोडताना तिला स्वतःचीच लाज वाटली. भुकेल्या माणसासमोर आपण डबा झाकून बसलोय.

मधल्या सुट्टीत ती तोफेला खेटून बसली. "सकाळी मी तुला अर्धंच सांगितलं. मला येशूनं सावरलं. ओट्याला टेकून मी त्याच्याशी भांडायचे, रडायचे. तो ऐकतोय असं वाटायचं. मग पोरांना जेवायला वाढायचं बळ यायचं."

तोफेनं घास खाली ठेवला. "मग माझ्या भावाला का नाही वाचवलं त्यानं?"

याच प्रश्नाला वहिनी घाबरत आली होती. "माहीत नाही गं. माझ्या नवऱ्यालाही नाही वाचवलं. पण मला एकटं सोडलं नाही, एवढं खरं."

"मला नाही पटत."

"बरं."

"बरं काय? काही विकायला निघाली असतीस तर उपाशी मेली असतीस तू!" तोफ हसली. हसता हसताच तिचे डोळे भरले. "माझ्यासाठी बोल त्याच्याशी. आत्ता. मला ऐकू येईल असं."

वहिनीनं भावाचं लाडाचं नाव विचारून घेतलं. तिच्या पाठीवर हात ठेवून, डोळे मिटून ती प्रार्थना करू लागली. शब्द अडखळत होते, एक वाक्य तर अर्धवटच राहिलं. आमेन म्हणून तिनं डोळे उघडले, तेव्हा तोफ पदरात तोंड खुपसून हमसून हमसून रडत होती आणि अख्खा कारखाना बघत होता. वहिनीनं तिच्या पाठीवरचा हात काढला नाही.

तोफ काही चर्चला आली नाही. पण रोज जेवताना ती नवा प्रश्न काढायची आणि भांडल्यासारखी विचारायची. कधी वहिनीकडे उत्तर असायचं, कधी नसायचं. पण बोलणं टाळावंसं तिला आता वाटत नव्हतं.