धाबं आणि पत्रे

सोनगीरच्या तोताराम नानांनी एक्क्याण्णव साली घराच्या सपाट छपराच्या, म्हणजे धाब्याच्या, अर्ध्या भागाची माती उतरवली आणि तिथे सिमेंटचे पत्रे घातले. तेव्हापासून घराला दोन छपरं झाली, पण हे नानांच्या बायकोच्या पायांना कोण सांगणार? धुरपदाबाई चाळीस उन्हाळे त्या धाब्यावर अनवाणी फिरत ज्वारीचे बिबडे वाळवत आल्या होत्या. एके दिवशी वावटळीने बिबडे पसरलेलं लुगडं पत्र्यांवर ओढून नेलं आणि बाई तरातरा त्याच्या मागे गेल्या. चौथ्या पावलाला पायाखाली कडकन वाजलं.

तो आवाज ऐकूनच सून कमल शिडीने वर आली. ती धुळ्याची, गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. सासू पत्र्याच्या मधोमध उभी, टाचेखालून चीर निघालेली, आणि खाली बारा फुटांवर दगडी फरशी.

"पाय उचलू नका, आत्याबाई!"

एक पाय उचलला की सगळं वजन दुसऱ्या तळव्यावर. पत्रा अजून बाईंना खालून तेवढ्याच जोराने तोलून धरत होता, पण तळव्याएवढ्या दोनच जागांवर किती वेळ धरणार? सहा वर्षं कमल वाळूत वीट एकदा उभी, एकदा आडवी ठेवून मुलींना हेच दाखवत होती. आज विटेच्या जागी घरचं माणूस होतं.

"हळूच बसा. मग अंग पसरून पालथ्या पडा. वजन वाटलं जाईल."

धुरपदाबाईंनी पदर सावरून खाली पाहिलं. गल्लीत पन्नास माणसं जमली होती.

"बठ्ठी गल्ली दखी राह्यनी. मी आडी पडस नई."

"जीव जाईल हो!"

"जाऊ दे."

पुन्हा कडकन वाजलं. दिरासमोरही कधी डोक्यावरचा पदर ढळू न दिलेली ही बाई गावासमोर आडवी पडायची नाही, हे कमलला कळलं आणि रागाने रडूच आलं. ती धाब्याच्या कडेशी धावली.

"तोंडं फिरवा! एकूण एक!"

सुनेचा असा आवाज गल्लीने कधी ऐकला नव्हता. पाठी फिरल्या. बाई वाकल्या, बसल्या, लांब झाल्या. चीर तिथेच थांबली.

तेवढ्यात नानांनी खाट वर आणली आणि चार पायांवरच पत्र्याकडे सरकवायला घेतली.

"उलटी करा, नाना! सगळा भार त्या चार पायांवर येईल, पत्रा फुटेल!"

उलट्या खाटेला दोर बांधून कमलने ती बांबूने पुढे लोटली. बाई कशाबशा सरकत तिच्यावर आल्या. दोघांनी दोर ओढला. खाट धाब्याच्या मातीला लागते न लागते, तोच मागचा पत्रा खाली कोसळला.

बाई उठल्या.

"कोनी दखं का वं?"

शेजारच्या भिकुबाई मान वळवून बघत होत्या, ते कमलच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

"कुणीच नाही," ती म्हणाली.

तेव्हा कुठे धुरपदाबाईंना रडू फुटलं. त्या सुनेच्या गळ्यात पडल्या आणि त्यांचा सगळा भार कमलच्या खांद्यावर आला. मातीत पाय घट्ट रोवून ती उभी राहिली.