बाबांना पटलेली अमेरिका

अंधेरीच्या एका काचेच्या इमारतीत बसून अमेरिकन माणसांना काय वाटतं ते वाचायचं, याचा मला पगार मिळतो. तिकडची सर्वेक्षणं आमच्या कंपनीकडे येतात. लोकांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेली उत्तरं वाचायची आणि ती कुठल्या गटात मोडतात ते ठरवायचं. ‘देशात गुन्हे वाढलेत का?’ हा नेहमीचा प्रश्न, आणि बहुतेकांचं उत्तर नेहमीचंच, ‘हो.’ पोलिसांच्या नोंदी उतरत्या असल्या तरी ‘हो.’ लगेच पुढचा प्रश्न, तुमच्या स्वतःच्या भागात कसं आहे? तर इथे तसं बरं आहे म्हणे. म्हणजे बिघडलाय तो शेजारचा भाग, आणि शेजाऱ्यांना विचारावं तर त्यांचंही हेच. मग ही बिघडलेली अमेरिका नक्की आहे कुठे, यावर आमचा दुपारचा चहा हसतखेळत संपायचा.

लोकांची मतं आणि पुरावा यांत एवढं अंतर का पडतं, यावर मी तिकडच्या एका विद्यापीठाला लिहून पाठवलं. त्यांना आवडलं. पीएचडीची जागा मिळाली, वर शिष्यवृत्ती. सगळं अडलं ते घाटकोपरला, पंतनगरच्या आमच्या हॉलमध्ये.

बाबा बेस्टच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले आणि टीव्हीसमोर रुजू झाले. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. त्यांना न जुमानता मी जाऊ शकले असते, पण ते तोंड फिरवून उभे आहेत आणि मी बॅग ओढत लिफ्टकडे निघालेय, हे मला जमणारं नव्हतं. मला त्यांचा होकार हवा होता. तो काही केल्या मिळेना.

त्यांच्या अमेरिकेत वाण्याच्या दुकानात बंदुका मिळत होत्या, लग्नं वर्षभर टिकत नव्हती आणि मुलं अठरा वर्षांची झाली की आईबाप त्यांना घराबाहेर काढत होते. मी तक्ते काढले, आलेख काढले, मराठीत टिपा लिहिल्या. बाबांनी चष्मा लावून सगळं नीट पाहिलं.

“हे आकडे कोणी दिले?”

“तिथल्या सरकारने.”

“सरकार खरं बोलणार?”

“आणि टीव्हीवाले बोलणार?”

“टीव्हीवर डोळ्यांना दिसतं ना गं!”

“बाबा, ज्या गावात काहीच घडत नाही ते गाव टीव्हीवर दाखवतच नाहीत.”

“मग दाखवून बघणार कोण?” त्यांनी अगदी मनापासून विचारलं. यावर माझ्याकडे आलेख नव्हता.

माझ्या बाजूने एकच माणूस होता, बाजूच्या विंगमधले भीमराजकाका, पोस्टातून निवृत्त झालेले. रोज संध्याकाळी इमारतीखालच्या बाकावर दोघांची बैठक असे.

“दत्ताराम, पोरीला जाऊ दे रे,” काका म्हणायचे.

“तुझी लेक चेतना पुण्याला आहे, तुझं काय जातंय बोलायला? पुण्यात गोळ्या घालत नाहीत.”

“नाही घालत. तिथे नुसतं बोलूनच काम होतं.”

हसून झालं की बाबा पुन्हा मूळ पदावर. विद्यापीठाला पक्कं कळवायची मुदत जवळ येत होती. मी एवढी टेकीला आले होते की रागाने त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

अशात विमलामावशी आली. आईची थोरली बहीण, सहा महिने ओहायोला सुबोधकडे, म्हणजे तिच्या मुलाकडे राहून नुकतीच परतली होती. बदाम-चॉकलेटं टेबलावर ठेवते न ठेवते तोच बाबांनी तिला उलटतपासणीला घेतलं. बंदुका दिसल्या का? गोळीबार ऐकू येतो का?

“बंदूक खंयची घेऊन बसलात भावोजी?” मावशी कावली. “थंय रस्त्यार माणूसच दिसाक नाय! गाडीयेतसून उतरतत नि दार लावतत. माका तर शेजारच्या कुत्र्याशी बोलूची पाळी इली!”

बाबांनी एक चॉकलेट सोलून तोंडात टाकलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “रस्त्यावर माणूसच नाही, तर गोळी घालणार कोणाला? हे आधी सांगायचंस ना. जा तू.”

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याहून जास्त संताप झाला. देशभरातून गोळा केलेले वर्षानुवर्षांचे आकडे एका बाजूला, आणि एक बाई, एक रिकामा रस्ता आणि एक कुत्रा दुसऱ्या बाजूला! ऑफिसात असला पुरावा कोणी चहाबरोबर खारी म्हणूनसुद्धा घेतला नसता.

बरं, एखादी गोष्ट पटली की बाबांना ती अर्धवट पटत नाही. आठवड्याभरात खाली बाकावर ते अमेरिकेचे वकील झाले. तिथे लोक दारं सताड उघडी टाकून झोपतात. तिथे पोलीस म्हणे दिवसभर माश्या मारतात. मी म्हटलं, “बाबा, इतकंही खरं नाहीये.” तर म्हणाले, “तू गप्प बस. तू नुसतं वाचलंयस, मावशी राहून आलीय.”

निघायला थोडे दिवस उरले असताना ऑफिसात मला विद्यापीठाचा ईमेल आला. मी भाड्याने ठरवलेल्या खोलीपासून दोन रस्ते सोडून एक किराणा दुकान आहे, तिथे गोळीबार झाला होता. दोन माणसं गेली. विद्यार्थ्यांनी घाबरू नये, वगैरे.

मी घाबरले. लगेच त्या शहराचे आकडे उघडले. एका घटनेने त्यांत काही फरक पडत नव्हता, हे मला कोणी सांगायला नको होतं. पण मला ते दुकान दिसत होतं. मी दूध घ्यायला तिथेच जाणार होते. समोर स्क्रीनवर कुण्या बाईचं उत्तर होतं, ‘आकडे काय ते मला माहीत नाही, पण अंधार पडल्यावर दुकानात जावंसं वाटत नाही.’ असली उत्तरं मी डोळे झाकून ‘निराधार भीती’मध्ये टाकत असे. त्या दिवशी टाकता येईना. मी ते तसंच ठेवून घरी आले.

बाबांना यातलं काही कळू द्यायचं नाही, एवढं मात्र ठरवलं. नशीब माझं, की घरात टीव्हीवर भरल्या वांग्यांची कृती चालली होती. दुसऱ्या दिवशी कोबीच्या वड्या, मग कीर्तन. “बातम्यांचा कंटाळा आला,” बाबा म्हणाले. मला हायसं वाटलं.

हायसं वाटलं, पण भीती जाईना. आणि मग गंमत अशी झाली की बाबांनी एकदा तरी ‘नको जाऊ’ म्हणावं, याची मी वाट बघू लागले. महिनोन् महिने दुसरं काही न बोललेला माणूस, आता तोंडातून शब्द काढेना! उलट आमसुलं बांध, मालवणी मसाला दोन पिशव्यांत बांध, हेच चाललेलं.

“तुम्ही एकटे कसे राहाल बाबा? नको जाऊ का मी?” मी विचारूनही पाहिलं.

“खुळी काय तू? बॅगेचं वजन बघ आधी.”

मला रडू आलं. यांना माझं काहीच वाटत नाही का?

त्याच तिरीमिरीत मी खाली गेले. भीमराजकाका बाकावर एकटेच होते. “काका, बाबांना वाटतं मी स्वर्गात चाललेय,” मी म्हटलं. “तिथे काय चाललंय, याचा यांना पत्ताच नाही.”

काकांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. “त्या दुकानाचं म्हणतेस? म्हणजे तुला माहितीये?”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“अगं, आम्ही दोघांनी तुमच्याच घरी टीव्हीवर बघितलं. विद्यापीठाचं नाव ऐकलं आणि त्याने उठून टीव्हीच बंद केला. दुसऱ्या दिवशी केबलवाल्याला सांगून बातम्यांचे सगळे चॅनल बंद करून घेतले. इथे सगळ्यांना दम भरलाय, श्रुतिकासमोर एक शब्द काढायचा नाही. मला म्हणाला, पोरगी आकड्यांवर भरवसा ठेवून निघालीय, तिचा भरवसा मोडू नका.”

“आणि त्यांचा स्वतःचा?”

“मी विचारलं ना. म्हणाला, माझा काडीचा नाही. रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. पण मी कुठे शिकलोय भीमराज, तिचंच बरोबर असेल.”

मी वर आले. बाबा टीव्हीचा आवाज मोठा करून कुठल्याशा लोणच्याची कृती बघत होते. चष्मा मात्र लावलेला नव्हता. मी शेजारी जाऊन बसले.

“बाबा, तिथे गुन्हे वाढलेत म्हणतात लोक.”

“छे गं!” ते स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले. “लोकांना काय कळतंय? उलट कमी झालेत. आकडे आहेत तसे.”

बाबा पहिल्यांदाच पुराव्याला धरून बोलत होते, आणि पहिल्यांदाच माझ्याशी धडधडीत खोटं बोलत होते.

“हो बाबा,” मी म्हटलं, “खूपच कमी झालेत.”