आवळून बांधलेला ग्रे फॉक्स

मित्रांनो, पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ मुलखात, एका छोट्याशा गावाच्या करमणूक-बागेत मी उभा आहे. माझं नाव ग्रे फॉक्स. मी रोलर कोस्टर आहे आणि अस्सल लाकडाचा आहे. रुळांवर लोखंडाची पट्टी आहे तेवढीच, बाकी सगळं पाइन. या गावातल्या प्रत्येक माणसापेक्षा मी वयानं मोठा आहे, आणि खोटा विनय मला जमत नाही.

ज्यानं मला आखलं तो पक्का वस्ताद होता. उंच मनोरा बांधण्याऐवजी त्यानं शेजारची दरीच कामाला लावली. साखळी गाडीला बेताच्या चढावर नेते. लोक म्हणतात, एवढंच होय? आणि पलीकडे, झाडांआड लपलेली अख्खी दरी पायांखाली उघडते. उतारावर एक आडवी तुळई आहे. आता डोकं जाणार असं वाटतं. प्रत्यक्षात उंच माणसानं हात वर केले तरी ती लागत नाही. तरीही पाद्र्यापासून पोलिसापर्यंत सगळे तिथं डोकं खाली घेतात. बाकांना मध्ये दांडी नसल्यानं वळणावर शेजारी शेजाऱ्यावर कलंडतो. गावातली निम्मी लग्नं मी जुळवली, पण आमंत्रण एकाचंही आलं नाही.

पण माझं खरं मर्म म्हणजे माझं डुलणं. गाडी वळली की माझे खांब किंचित झुकतात, धक्का पोटात घेतात आणि पुन्हा सरळ होतात.

ओल्गा हुडाक या बागेच्या मालकीणबाई. तरुणपणी त्या स्वतः माझा ब्रेक ओढायच्या. वय झालं तसा कारभार त्यांच्या मुलीकडे, मार्लीनकडे आला. मार्लीन मनानं चांगली, पण फार काळजी करणारी. आई एकदा स्वयंपाकघरात घसरून पडली, तेव्हा तिनं आईच्या मोटारीची किल्ली काढून घेतली, जिन्याला फाटक बसवलं, पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या सारणाच्या करंज्या, तळायलाही बंदी केली. त्याच सुमारास खाली उभं राहून तिनं मला वळणावर डुलताना पाहिलं आणि आता हा कोसळणार, असं तिच्या मनानं घेतलं. आमचा सुतार वॉल्ट, त्यालाही तिचं म्हणणं पटलं. हिवाळ्यात दोघांनी मिळून माझ्या खांबांना लोखंडी पट्ट्या आवळल्या.

तिथून माझे हाल सुरू झाले. डुलता येईना, म्हणून पोटात घ्यायचा धक्का मी लोकांच्या पाठीत उतरवू लागलो. माणसं कंबर धरून उतरायची. रांग ओसरली. ग्रे फॉक्स म्हातारा झाला, असं लोक बोलू लागले आणि ते माझ्या फार जिव्हारी लागलं. शेवटी मार्लीननं मला पाडायचं ठरवलं.

ते कानावर पडताच ओल्गाबाई काठी टेकत आल्या आणि सरळ पुढच्या बाकावर जाऊन बसल्या.

“आई, उतर बरं. तुझी कंबर...”

“कंबर माझी आहे. यायचं तर बस, नाहीतर बाजूला हो.”

मार्लीन शेजारी बसली. दरीचा उतार झकास झाला. तुळईखाली मार्लीननं डोकं खाली घेतलं, तेव्हा ओल्गाबाई मनापासून हसल्या. मग वळण आलं आणि मी त्या दोघींना गदागदा हलवलं. माझा इलाज नव्हता.

फलाटावर येताच ओल्गाबाईंनी वॉल्टला बोलावलं. “याला बांधलंय कुणी?”

वॉल्टनं टोपी काढली. “आम्हीच, मिसेस हुडाक. फार हलत होता.”

“हलत होता म्हणून तर टिकला.”

“मला भीती वाटली गं,” मार्लीन म्हणाली. “पडला असता तर?”

ओल्गाबाईंचा आवाज खाली आला. “तू जिवापाड जपतेस, ते मला कळतं. पण जपता जपता त्याचं काय करून ठेवलंस ते बघ. आणि माझंही.”

मार्लीननं मला पाडायचा बेत रद्द केला आणि तपासनिसाला बोलावलं. त्यानं खांब न खांब ठोकून पाहिला आणि पट्ट्या काढायला होकार दिला. पुढच्या वसंतात वॉल्टनं त्या उतरवल्या. पहिल्या फेरीत मी असा डुललो की मागच्या बाकावरची मंडळी शिट्ट्या मारत उतरली आणि पुन्हा रांगेला लागली.

मित्रांनो, जुन्या गोष्टींची काळजी जरूर घ्या. माझी कुजलेली फळी बदला, निखळलेला खिळा ठोका, रोज सकाळी माझ्या रुळांवरून चालून पाहा. फक्त ज्या हालचालीवर आम्ही जगतो, ती काळजीपोटी बंद करू नका.

पट्ट्या निघाल्या त्या दिवशी ओल्गाबाई शेवटच्या गाडीतून उतरल्या. काठी तिथंच विसरून, कठड्याला धरून, एक एक पायरी सावकाश उतरू लागल्या. मार्लीन खाली उभी होती. आपले हात आपोआप पुढे जातील म्हणून तिनं ते पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते.