लॉर्डसाहेबांचा हार

आशालताबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आणि राग तरी कुणावर काढणार? लॉर्डसाहेबांच्या गळ्यात हार त्यांनी स्वतःच घातला होता, वीस मिनिटांपूर्वी!

बाई मुलाकडे परदेशात आल्या होत्या. तिथे, जॉन्सनव्हिलमधल्या नातीच्या शाळेचा वर्धापनदिन होता. शाळेला नाव लॉर्ड अ‍ॅशकोमचं, दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या बड्या पुढाऱ्याचं. स्टेजवर त्याची भलीमोठी तसबीर. पिंपरीला बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घातल्याशिवाय बाईंनी कधी कार्यक्रम सुरू होऊ दिला नव्हता. इथेही सकाळीच परसातली शेवंती ओवून आणली. प्रिन्सिपलबाई खूश, फोटोबिटो काढले. अहो, पण माणूस कोण, त्याने केलं काय, विचारायला नको? शाळेला नाव दिलंय म्हणजे शिक्षणासाठी झिजला असणार, असं बाईंनी धरूनच टाकलं.

मग त्यांची बारा वर्षांची नात श्रिया लॉर्डसाहेबांवर बोलायला उभी राहिली. एकविसाव्या वर्षी वडिलांच्या जोरावर पार्लमेंटात, दोनदा मंत्री, शिकारीचे चाळीस कुत्रे. टाळ्या पडल्या. पोरगी खाली आली ती रडतच.

"दे मेड मी कट इट, आजी," म्हणत तिने भाषणाचा कागद पुढे केला.

शेवटच्या परिच्छेदावर शिक्षकांची लाल काट होती. बाई सरकारी दवाखान्यात मेट्रन होत्या, इंग्रजी त्यांना चांगलं येत होतं. लॉर्डसाहेबांनी गरिबांच्या शाळांविरुद्ध मत दिलं होतं. मजुरांची पोरं शिकली तर आमचे बूट कोण पुसणार, असं भर सभेत विचारलं होतं.

बाईंची आई वर्गाबाहेर पायरीवर बसून शिकली होती. पाऊस आला की तिची पाटी पुसली जायची.

"मेल्या!" म्हणत बाई उठल्या.

"आई, बस ना खाली." नितीशने, त्यांच्या मुलाने, हात धरला. "सगळे बघतायत."

"बघू देत. तू आधी हात सोड."

त्या तरातरा स्टेजवर गेल्या आणि हार काढून घेतला. प्रिन्सिपलबाई धावत आल्या.

"माय मिस्टेक," आशालताबाई माईकवर म्हणाल्या. "राँग मॅन. श्रिया, वर ये. गाळलंय ते वाच."

श्रिया आली, माईकपाशी थबकली. "आय अ‍ॅम स्केअर्ड, आजी."

"मी पण. वाच."

पहिल्या ओळीला तिचा आवाज कापत होता. बुटांच्या वाक्याशी पोचली तेव्हा तो खणखणीत झाला होता.