धाडचं स्थळ

मुलीकडच्यांनी नकार दिला.

असं काहीही झालेलं नाही, असं धरून आमच्या घरी सगळे वावरतात. म्हणून मीही तसंच धरतो आणि त्या दिवशीच्या सकाळपासून सुरू करतो.

माझं नाव राजकुमार. ही जबाबदारी आईवडिलांची आहे, माझी नाही. सोनाळ्याला आमचा संत्र्याचा बगीचा आहे, आणि राजकुमार नावाचा माणूस लग्नाचा राहिला की गावाला वेगळी करमणूक लागत नाही. आमच्या स्थळांची बोलणी फोनवरच संपतात. पलीकडून विचारतात, मुलगा काय करतो? बाबा सांगतात, शेती. मग पलीकडे कुकरची शिट्टी होते, नाहीतर दारात कोणीतरी येतं, आणि 'नंतर बोलतो' म्हणून फोन ठेवतात. गेली काही वर्षं एकाही घराने आम्हाला 'या' म्हटलेलं नव्हतं. नकार द्यायलासुद्धा कोणी समोर बसवत नव्हतं.

म्हणून चिखलीच्या किसनरावांनी दुसरबीडकडचं स्थळ आणलं आणि ती माणसं चक्क 'पोरगी पाह्यले या' म्हणाली, तेव्हा आईने तो निरोप तीनदा वदवून घेतला. किसनराव लग्नं जुळवतात. ते म्हणाले, घर मळ्यात आहे, पत्ता सांगून समजणार नाही. मी आधी जाऊन बसतो, मोबाईलवर लोकेशन पाठवतो, त्यावर या.

चुलतभावाची गाडी मागून आणली. मी चालवायला, बाबा शेजारी, आई मागे. शुभकामाला तिघांनी जाऊ नये म्हणून आईने चौथा म्हणून नारळ घेतला. त्याला खिडकीची जागा दिली.

नंतर कळलं ते आत्ताच सांगून टाकतो. किसनरावांनी मुलीच्या घराचं लोकेशन पाठवलंच नाही. त्यांनी चालतं लोकेशन पाठवलं, म्हणजे स्वतःचंच. आणि दुसरबीडला जाण्याआधी एक बकरी पाहून येऊ, म्हणून ते सकाळीच धाडच्या बाजाराला निघाले. आम्ही मुलीचं घर समजून किसनरावांचा पाठलाग करत होतो. किसनराव बकरीचा करत होते.

चिखलीला दुसरबीडसाठी डावीकडे वळायचं. मोबाईलवरचं लोकेशनचं टिंब उजवीकडे गेलं. मी म्हटलं, बाबा, हा रस्ता तर धाडचा आहे. बाबांनी विचार केला आणि म्हणाले, मामाच्या घरी दाखवत असतील. हे आईला इतकं पटलं की चिखली सुटेस्तोवर तिने त्या मामाचा स्वभावही ठरवून टाकला. पुढे एकदा टिंब रस्ता सोडून शेतात शिरलं, थोडा वेळ थांबलं आणि परत रस्त्याला लागलं. ते मामाचं शेत, असं आईने ठरवलं. फोन करू का, असं मी दोनदा विचारलं. आई म्हणाली, सारखा फोन केला तर आपण उतावळे दिसतो. तिसऱ्यांदा मी लावलाच, पण किसनरावांनी उचलला नाही.

धाडला पोचलो तेव्हा बाजार भरात होता. टिंब बाजारात शिरलं, मिरच्यांच्या ढिगाभोवती फिरलं, बकऱ्यांकडे वळलं आणि एकदम नाहीसं झालं. शेवटचं जिथे दिसलं त्याच्या जवळात जवळची गल्ली धरून मी गाडी नेली. गल्ली एका घरापाशी संपली. ओट्यावर कापसाचे ढीग, दारावर पाटी: फकीर मोहम्मद, गाद्या व रजया. उन्हाने गाडी इतकी तापली होती की ती तिथेच बंद पडली आणि पुढून वाफ निघू लागली.

पाटी आम्ही तिघांनीही वाचली. हे घर ते नाही हे तिघांनाही कळलं. तरी बाबा उतरले, टोपी सरळ केली, आणि इतकी वर्षं मनात घोकलेलं वाक्य त्यांच्या तोंडून निघूनच गेलं.

"राम राम. आम्ही सोनाळ्याचे. पोरगी पाह्यले आलो."

अंगावर कापूस घेऊन गादी शिवत बसलेला माणूस उठला. आमचे कपडे पाहिले, वाफ पाहिली, मागच्या सीटवरचा नारळ पाहिला. चुकलात, असं तो म्हणाला नाही.

"या ना भाऊ, बसा," तो म्हणाला, आणि आत हाक दिली, "सरवरी, पाहुणे आले."

बसायला जागा नव्हती, सगळीकडे लग्नसराईचं काम. म्हणून त्यांनी आम्हाला कोणाच्या तरी लग्नाच्या नव्याकोऱ्या दुहेरी गादीवर बसवलं. मी एका कडेला बसलो. दुसरी कडा बरीच लांब होती.

सरवरीबाई पाणी घेऊन आल्या. बाबांनी खरी हकिकत सांगितली. किसनरावांचं नाव निघताच फकीरभाई म्हणाले, त्यांना तर मी आत्ता बकरीचे दात मोजताना पाहिलं. त्यांनी मोटारसायकल काढली आणि बाजारात गेले. बाबा गाडीत पाणी घालायला गेले, आणि सरवरीबाई पोहे करायला आत.

आई म्हणाली, काही करू नका, आम्हाला निघायचं आहे. आतून उत्तर आलं, पोरगी पाह्यले निघाले अन् पोहे नाही खाल्ले तर तो कार्यक्रम कसला.

ताटल्या घेऊन सरवरीबाई आमच्यासमोर बसल्या. पन्नाशीच्या असतील. डोक्यावर ओढणी, मनगटावर कापसाचे धागे. पोह्यांवर त्यांनी शेव घातली होती. आईने ताटलीवरून मान वर केली आणि विचारलं,

"नाव काय तुमचं?"

नाव तिला माहीत होतं. पण हा प्रश्न तिच्याकडे फार दिवसांपासून तयार होता आणि तो विचारायला समोर कोणी बसलंच नव्हतं. मला वाटलं आता त्या हसतील. त्यांनी ओढणी सारखी केली.

"सरवरी."

"शिक्षण?"

"सातवी. उर्दू शाळेत."

"सैपाक येते?"

"येते. पुरणाची पोळी नाही येत, फाटते."

"त्याले काय, शिकता येते," आई म्हणाली. "शेतात काम कराची सवय?"

"हाव. माहेरी केलं."

आईचे प्रश्न संपले तशा सरवरीबाई माझ्याकडे वळल्या. मुलगा काय करतो, त्यांनी विचारलं. शेती, मी म्हणालो, आणि सवयीने कुकरच्या शिट्टीची वाट पाहिली. शिट्टी झाली नाही. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. शेतात काय आहे? संत्री. झाडं किती वर्षांची? पाणी पुरतं का? दारू? नाही. राग? येतो, पण कोणावर काढू. इथपर्यंत आजवर कोणी आलं नव्हतं, त्यामुळे या भागातली उत्तरं माझ्याकडे तयार नव्हती.

"अन् बेटा, एकटा राह्यतो शेतात, तं बोलतो कोणाशी?"

मी म्हणालो, "कस्टमर केअरले फोन लावतो."

आईने खाणं थांबवलं.

"तक्रार राह्यते काई?" सरवरीबाईंनी विचारलं.

"नाही. तिकडची बाई शेवटी विचारते, आणखी काही मदत करू शकते का. ते ऐकाले."

"मग तू काय सांगतो?"

"नाही म्हणतो. मग ते दिवस चांगला जावो म्हणते."

हे मी विनोद म्हणून सांगितलं होतं. माझे विनोद लोकांना आवडतात. सरवरीबाई हसल्या नाहीत. माझ्या ताटलीत अजून पोहे वाढले आणि आईकडे वळून म्हणाल्या,

"पोरगा चांगला आहे तुमचा. आमची आसमा मलकापूरले दिली. नाही तं इचार केला असता. मग तुमाले सोनाळ्यात राहू देलं नसतं अन् आमाले धाडमंधी, ते वेगळं."

आई उठली. गाडीतून नारळ आणला आणि त्यांच्याच घरातले तांदळाचे चार दाणे मागून घेऊन सरवरीबाईंची ओटी भरली. त्यांनी ओढणी पसरून घेतली. नेमकं काय करायचं असतं ते आईने सांगितलं, तसं त्यांनी केलं.

तेवढ्यात फकीरभाई परतले. मागे किसनराव, किसनरावांच्या मांडीवर बकरी. किसनरावांनी माफी मागितली. मग सांगितलं की मुलीकडच्यांनी दुपारपर्यंत आपली वाट पाहिली, तेवढ्यात पुण्यात कंपनीत असलेला एक मुलगा आला आणि त्यांनी हो म्हटलं. आपल्याला नाही म्हणून कळवलं आहे. बाबांनी विचारलं, न पाहता? किसनराव म्हणाले, पाहून तरी काय. बकरी माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, हरकत नाही. फकीरभाईंनी गाडी ढकलायला खांदा लावला. गाडी सुरू झाली तेव्हा ते काचेपाशी आले. लग्न कधीही जमू दे, म्हणाले, गादी आमच्याकडून, कापूस बाजूला काढून ठेवतो. सरवरीबाईंनी उरलेले पोहे डब्यात घालून दिले. डबा स्टीलचा होता, म्हणजे परत करावा लागेल असं मी मनाशी धरलं. पण त्या म्हणाल्या, परत नका आणू, ठेवा.

चिखली आली तेव्हा आई म्हणाली, "स्थळ चांगलं होतं."

"माणसं चांगली होती," बाबा म्हणाले. दुसरबीडचा विषय त्यानंतर घरात निघालेला नाही. माझं स्थळ आता परत फोनवरच असतं.

मला मात्र धाडला एकदा जायचं आहे. आईला विचारलं, तर ती म्हणाली, काय म्हणून जाशील? आमच्याकडे माणूस लग्नाला जातो, मयतीला जातो, बारशाला जातो. नुसता कसा जाईल, नातं काय सांगेल? बाबांनीही बराच विचार केला. त्यांनाही काही सापडलं नाही. म्हणून शेवटी अर्जच करतो.

तरी संबंधित कार्यालयास नम्र विनंती आहे की, मौजे धाड येथील श्री. फकीर मोहम्मद व सौ. सरवरी यांना अर्जदाराचे नातेवाईक म्हणून घोषित करण्यात यावे. नाते कोणते, ते कार्यालयाने आपल्या सोयीने ठरवावे. अर्जदाराची कोणत्याही नात्यास हरकत नाही.