मावशीने न म्हटलेलं ‘नाही’

"मावशी, दिवसभर दुसऱ्यांच्या थापा आपल्या तोंडाने सांगताना तुझी जीभ अडखळत नाही?"

मैत्रिणींनी पैज लावली होती म्हणून चिमणीने विचारून टाकलं. मावशी कोर्टात दुभाषी. ती रागावली नाही. "उद्या सुट्टी ना तुला? ये की बघायला."

चिमणीला तसंही इंग्रजीतल्या दोन शब्दांनी पिडलं होतं: इक्विव्होकेट आणि प्रीव्हॅरिकेट. दोन्ही म्हणजे मुद्दाम धड न बोलणं. मग दोन शब्द हवेत कशाला?

"पहिल्यात माणूस दोन्ही दारं उघडी ठेवून बोलतो," कोर्टाचा जिना चढताना मावशी म्हणाली. "दुसऱ्यात तो दाराकडे फिरकतच नाही."

परांचीवरून पडलेला रंगारी पुढच्या बाकावर कुबडी धरून बसला होता. त्याची भरपाई एका प्रश्नावर अडली होती. रंगाऱ्याच्या वकिलाने तो त्याला कामावर ठेवणाऱ्या कंत्राटदाराला विचारला, मावशीने कंत्राटदाराच्या भाषेत: "त्या दिवशी याला सेफ्टी बेल्ट दिला होता का?"

"बेल्टची सोय आमच्याकडे असतेच."

मावशीने तेवढंच सांगितलं. दिला होता, की नुसता कपाटात होता? दोन्ही दारं सताड उघडी! पहिला शब्द! चिमणीने मनातल्या मनात टाळी वाजवली.

प्रश्न पुन्हा आला. आता गडी सुटलाच: रंगारी कसा सालस, वारा कसा बोचरा, स्वतःचा गुडघा कसा ठणकतो... मावशीने गुडघ्यासकट सगळं सांगितलं. लोक फिस्सकन हसले, ती नाही. हा दुसरा.

वकील वैतागला. "बाई, हे गुऱ्हाळ पुरे. ‘नाही’च म्हणतोय ना तो?"

रंगारी डोळ्यांत प्राण आणून मावशीकडे बघत होता. म्हण ना गं ‘नाही’, चिमणीच्या अगदी ओठांवर आलं. एक शब्द तर!

"ते अजून हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत," मावशी म्हणाली. "मी म्हटलं, तर ते माझं उत्तर होईल."

न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं आणि थेट कंत्राटदाराकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच. त्याला लपायला दुसऱ्या कोणाचा शब्द उरला नव्हता.

"नव्हता दिला," तो पुटपुटला.

"नव्हता दिला," मावशी म्हणाली, तितक्याच बारीक आवाजात. चिमणीही ओठांतल्या ओठांत तेच म्हणाली. रंगाऱ्याने तोंड ओंजळीत झाकून घेतलं.

घरी इंजिनिअरिंगचा विषय निघाला की चिमणी नेहमी "बघू ना" म्हणत सटकायची. आज तिने चपलाही काढल्या नाहीत.

"आई, बाबा, दोघंही इकडे या. मी इंजिनिअर होणार नाहीये. मी दुभाषी होणार आहे."